जुंपून पाहिलेला कॉम्प्युटर

जुन्नर-आंबेगावला लोक जातात ते शिवनेरी चढायला, नाहीतर भीमाशंकरच्या दर्शनाला. मी गेलो कॉम्प्युटरचे पार्ट निवडायला. दोन हजार पाचची थंडी होती. परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, काय काय पाहिलंत? म्हटलं, मदरबोर्ड, बैल आणि मासवडी. सगळे हसले आणि विषय संपला. माझं बोलणं नेहमी असंच लवकर संपतं. पण ह्या प्रवासात मला एकदा ओरडून बोलावं लागलं, त्याविषयी लिहायचं आहे.

रंगनाथ माझा डिप्लोमाच्या काळातला मित्र. गाव पिंपळवंडी. नारायणगावात रस्त्याला लागून त्याचा एक गाळा आहे. तिथे तो बागायतदारांच्या बंगल्यांचे नकाशे काढतो. नकाशा उत्तम काढतो. पण आता लोकांना नकाशा नको, चित्र हवं: घर बांधून झाल्यावर दिसेल तसं, झाडांसकट, सावल्यांसकट. रंगाच्या जुन्या कॉम्प्युटरला ते जमेना. रात्रभर चालवून ठेवला तर सकाळी पडदा निळा. अशा दोन बंगल्यांची कामं पुण्याच्या फर्मकडे गेली होती. तिसरं गिऱ्हाईक गावातलंच, बबनराव आणि सिंधुताई. त्यांनी सांगितलं होतं, आधी चित्र दाखवा, मग बोलू. हेही गेलं तर रंगा शटर ओढून चाकणला कुठल्याशा कंपनीच्या साइटवर सुपरवायझर म्हणून जाणार होता.

"तू तर असल्या हापिसात हाईस," तो फोनवर म्हणाला. "तुला यातलं कळतंच. ये, पार्ट निवडून दे."

मी "हं" म्हणालो.

पुण्यातल्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात अशी चित्रं निघतात हे खरं. ती काढणारी मुलं काचेच्या खोलीत बसतात. मी त्या खोलीत जातो तो प्रिंट उचलायला. मी रंगाशी खोटं बोललो नाही. नुसता "हं" म्हणालो. आयुष्यभर मी बहुतेक गोष्टी अशाच केल्या आहेत.

मंचर

रंगा मोटारसायकल घेऊन स्टँडवर उभाच होता. थेट पारसशेठच्या दुकानात गेलो. अर्ध्या दुकानात स्टीलची भांडी, अर्ध्यात कॉम्प्युटर. कळशांच्या उतरंडीपलीकडे मॉनिटर. शेठचे पणजोबा मारवाडातून आलेले. शेठ मात्र मंचरच्या बाहेरचं बोलत नाहीत.

"या साहेब. पुण्याचं माणूस आलं म्हंजी आमची परीक्षाच."

"शेठ, बजेट सांगून ठेवतो," रंगा म्हणाला. "सगळं बैलात बसलं पायजे."

"कुठल्या बैलात?" मी विचारलं.

"सोमवारी बेल्ह्याला विकायचाय तो. ट्रॅक्टर आल्यापासून नुसता उभाय. तात्या म्हनला, बैलाचे येतील तेवढे तुझे."

तात्या म्हणजे रंगाचे थोरले भाऊ. मॉनिटर, कीबोर्ड जुनेच वापरायचे. आतलं सगळं नवं. शेठनी एक मोठा खोका काढून काउंटरवर ठेवला. ग्राफिक्स कार्ड. खोक्यावर चिलखत घातलेली एक बाई तलवार उगारून उभी.

"ही बाई बंगल्याचं काय करनार?" रंगा म्हणाला.

"ही आत बसली की चित्र झटक्यात निघतं म्हणतात," शेठ म्हणाले आणि माझ्याकडे पाहू लागले. रंगाही पाहू लागला.

ह्या बाईला मी ऑफिसात कुठेतरी पाहिलं होतं. मी मान हलवली.

"मग प्रोसेसर साधा घ्यावा लागंल," शेठ म्हणाले. " रॅमची एकच काडी बसंल. यूपीएस पुढल्या वर्षी."

मी पुन्हा मान हलवली. शेठ मंगळवारी माल काढून ठेवतो म्हणाले.

पिंपळवंडी

दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मध्ये ऊस. उसाच्या कडेने जाताना रंगा हॉर्न वाजवत होता. समोर कुणीच नव्हतं. का, विचारलं तर म्हणाला, "बिबट्याला कळावं, आमी आलो." आमच्याकडे पेठेत जितक्या सहजपणे कचऱ्याच्या गाडीबद्दल बोलतात, तितक्या सहजपणे इथे बिबट्याबद्दल बोलतात. काल अमक्याच्या मळ्यात होता, आज तमक्याच्या.

जेवायला मासवडी होती. नावावर जाऊ नका, वडी शाकाहारी. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण भरून ती माशासारखी वळतात, कापतात आणि वर जाळ ओकणारा रस्सा. आमच्या घरी वडी म्हणजे ताटातलं तोंडीलावणं. इथे वडी हेच जेवण. रंगाच्या वहिनी वाढताना सारख्या म्हणत होत्या, "साहेब, संकोच करू नका." तात्यांनी मला खुर्ची दिली होती, स्वतः खाली बसले होते. एवढ्या लांबून धाकट्याच्या कामासाठी आलेला माणूस! रस्सा तिखट होता, त्यामुळे माझ्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

बेल्हे

सोमवारी पहाटेच टेम्पोतून बैल घेऊन तात्या पुढे गेले आणि मागून आम्ही. बेल्ह्याचा बाजार पाहिला नाही त्याने गर्दी पाहिली नाही. नजर जाईल तिथवर शिंगं. रंगवलेली, तासलेली, गोंडे बांधलेली. भजी, गोडीशेव, घुंगरं, कासरे, आणि मधूनच एखादा माणूस दुसऱ्याच्या हातावर टॉवेल टाकून आकाशाकडे पाहत उभा. टॉवेलाखाली बोटं दाबून भाव चाललेला असतो. तोंडाने मात्र दोघं पाऊसपाण्याचं बोलतात.

आमच्या बैलाला पारनेरकडचं एक गिऱ्हाईक लागलं. त्याने दात पाहिले, खूर पाहिले, दगड भरलेल्या गाडीला जुंपून एक फेरा मारला. बैल चालला झकास. आता टॉवेल पडणार, इतक्यात तात्याच म्हणाले, "थांबा पावणं. एक खोड हाय. पान्यात पाय घालत नाय. वढा आला की उभा. मग तुमी मारा, गोंजारा, न्हाईतर गाणं म्हना."

मला वाटलं, गेला सौदा. रंगाचा कॉम्प्युटरही गेला.

पारनेरकर हसायला लागला. "आमच्याकडं पानी हाय कुठं राव! ह्येला पान्यात घालायचं म्हनलं तर आदी पानी इकत आनावं लागंल."

टॉवेल पडला. सौदा झाला. मी तात्यांना बाजूला विचारलं, "खोड सांगितली नसती तर?"

"तर फुडल्या सोमवारी त्यानं बैल आन् माझी अब्रू दोनी हितंच आनून बांधली असती."

परतीच्या वाटेवर मी रंगाच्या मागे बसलो होतो. पैसे त्याच्या आतल्या खिशात. मंगळवारी ते त्या तलवारवाल्या बाईवर जाणार होते, माझ्या मानेच्या जोरावर. तोंडावर सांगायचं मला जमलं नसतं. पाठीला सांगणं त्यामानाने सोपं. मी म्हणालो, "रंगा, मला त्यातलं काही कळत नाही."

"काय?" वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नाही.

मी जोरात म्हणालो. तरी "काय?" शेवटी मी सगळा जीव एकवटून ओरडलो, आणि नेमक्या त्याच वेळी उतार लागला म्हणून पेट्रोल वाचवायला त्याने इंजिन बंद केलं.

"मला त्यातलं काहीच कळत नाही!"

सगळ्या शिवारात ते ऐकू गेलं. कडेला वाफ्यात कांदा लावणाऱ्या बायका माना वर करून पाहू लागल्या. त्यांतली एक कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "कळत नाय तर गप बसा की पावणं!"

बाकीच्या हसल्या. बाई, मी इतकी वर्षं तेच तर करत आलोय!

रंगा हसला नाही. कालव्यावरच्या मोरीपाशी गाडी उभी केली. "कशातलं कळत नाय?"

"कॉम्प्युटरमधलं. मी एकही चित्र काढलेलं नाही. मी प्रिंट उचलतो."

"मग शेठपुढं मान हालवली ती?"

"हलवली."

"का?"

"तुम्ही दोघं माझ्याकडे बघत होता म्हणून."

तो मोरीच्या कठड्यावर बसला. चिडलेला रंगा मी कॉलेजात पाहिला होता, तेव्हा तो भांडायचा. आता भांडला नाही, ते वाईट होतं. म्हणाला, "तुझ्यापरीस त्यो बैल बरा राव. त्याला जुंपून तरी बघता येतं."

मी शेजारी जाऊन बसलो.

"मग जुंपू," मी म्हणालो.

"काय?"

"तुझ्या बंगल्याची फाईल सीडीवर घे. शेठच्या दुकानात सगळी मशीनं आहेत. प्रत्येकाला तीच फाईल ओढायला लावू. कुठलं ओढतंय ते डोळ्यांनी बघू. मला विचारू नकोस, शेठलाही नको."

त्याने गाडीला किक मारली. संध्याकाळी जेवताना तो माझ्याशी थेट बोललाच नाही. वहिनींना म्हणत होता, "इचारा पुन्याच्या साहेबाला, भाकरी पायजे का. मान हालवली तरी देऊ नका, त्यांची मान उगाच हालती." सगळे हसले, त्यांना वाटलं, जुन्या मित्रांची थट्टा. मी भाकरी तोंडाने मागून घेतली.

पुन्हा मंचर

पण सकाळी सीडी त्याच्या खिशात होती.

शेठना आधी कळेना. "जुंपायचं म्हंजी?" मग कळल्यावर मजा वाटली. भांड्यांची बाजू नोकरावर सोपवून ते स्वतः येऊन बसले. एकसारख्या दोन मशीनांपैकी एकात तलवारवाली बाई बसवली, दुसरं साधंच ठेवलं. दोन्हींना रंगाचा बंगला दिला.

पडद्यावर बंगला फिरवून पाहिला तर कार्डवाल्या मशीनमध्ये तो लोण्यासारखा फिरला. साध्यात गचके खात. शेठचा चेहरा खुलला. मग चित्र काढायची आज्ञा दिली. दोन्ही पडद्यांवर वरून खाली एकेक पट्टी उमटू लागली. चहा आला, संपला. एक बाई कुकर घेऊन गेली. पट्ट्या बरोबरीने उतरत होत्या, एका जोखडातल्या बैलांसारख्या. शेवटची पट्टीही बरोबरच पडली.

"म्हंजी चित्र काढाया बाई कायच करत नाय," रंगा म्हणाला.

"नुसती उभीय," शेठ म्हणाले. त्यांनी मान खाजवली. "आजवर कुणी असं बघितलंच नाय. खोक्यावर बाई दिसली की घेऊन जायचे."

मग आम्हाला चेवच आला. रॅमच्या एका काडीच्या दोन केल्या. मघाशी ज्या झाडापाशी येऊन मशीन कुंथत होतं, तिथून आता सरळ पुढे गेलं. मग शेठनी स्वतःच्या टेबलावरच्या मशीनला जुंपलं. त्यात वरच्या दर्जाचा प्रोसेसर होता. दुसरा चहा यायच्या आत चित्र तयार. बाई बाद झाली. तिच्या पैशांत तो प्रोसेसर, दुसरी काडी, आणि वर यूपीएस बसला. शेठ खोका फळीवर परत ठेवत म्हणाले, "जा बाई, तुला कॉलेजातलं पोरगं भेटंल गेम खेळनारं."

त्या मोरीनंतर रंगा तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. पुरतं नाही, अर्धं.

भीमाशंकर

यूपीएस पुण्याहून यायला एक दिवस लागणार होता. रंगा म्हणाला, चल देवाला. घोडेगावच्या पुढे रस्ता डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याला लागतो आणि मग डोंगर एकावर एक चढत जातात. थंडीत तिथलं जंगल ओलसर नसतं, पण सावली अशी दाट की भर दुपारी स्वेटर काढवत नाही. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना बेल, पेढे, रुद्राक्ष. माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा माकडाने इतक्या सफाईने नेला की मी आभार मानायचेच बाकी होते. पेढेवाली म्हणाली, "दुसरा घ्या, त्याचा नैवेद्य पोचला."

परत वर येताना पायरीवर बसलो. रंगाने विचारलं, "इतकी वर्षं काय करत व्हतास मग तिथं?"

सांगितलं. ड्रॉइंग बोर्ड गेले तेव्हा ऑफिसने सगळ्यांना कॉम्प्युटरवर शिकायला बसवलं. माऊस माझ्या हातात थरथरायचा. शेजारच्या नव्या मुलीने हसू दाबलेलं मी पाहिलं, आणि साइटवर काम आहे सांगून जो उठलो तो परत बसलो नाही. तेव्हापासून प्रिंट काढतो, घड्या घालतो, महापालिकेत नेऊन देतो. कामात चूक करत नाही. पण घरी ऑफिसचं कॅलेंडर लागतं, त्यावर चित्र असतं, आणि माझी बायको सुमन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, हे ह्यांनी काढलं. मी नाही म्हटलं नाही कधी.

"वैनीला सांग," रंगा म्हणाला.

पुण्याला घरी परत आल्यावर सांगितलं. तिने कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग कुणी काढलंय?" ऑफिसातल्या एका मुलीने, म्हटलं. "छान काढलंय हो," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. एवढंच. ज्याला मी इतकी वर्षं घाबरलो ते इतकं छोटं निघालं, ह्याचं समाधान मानावं की वाईट वाटून घ्यावं, अजून ठरलेलं नाही. बहुतेक समाधानच आहे.

नारायणगाव

मशीन जोडून झालं. गाळ्यात त्याचा पंखा फिरू लागला तसा रंगा उठला आणि मला म्हणाला, "बस."

"मी?"

"माऊस थरथरला तर थरथरू दे. हितं कोन हसतंय? भिंती मी काढल्यात. ऊन तू लाव."

मी बसलो. तो मागे उभा राहून सांगत गेला. दिवा कुठे ठेवायचा, रंग कसा बदलायचा. आमच्या ऑफिसातल्या चित्रांत असतं तसं सोनेरी संध्याकाळचं ऊन मी लावलं. चित्र निघालं तेव्हा पायऱ्या, ओटा, खांब सगळं सोन्यात न्हालेलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी लहान मुलासारखा खुर्चीवर मागे रेलून पाहत बसलो. रंगाही म्हणाला, "लई भारी."

दुसऱ्या दिवशी बबनराव आणि सिंधुताई आले. बबनराव पाहताक्षणी खूश. सिंधुताईंनी पदर सारखा केला, खुर्ची पुढे ओढली आणि चित्र वरून खाली पाहिलं.

"हे ऊन कवाचं?"

रंगाने माझ्याकडे पाहिलं. गप्प राहायची जागा मला चांगली ओळखीची होती. मी म्हणालो, "संध्याकाळचं. मी लावलंय."

"आमचं दार उगवतीला हाय."

बबनराव म्हणाले, "म्हंजी तुमी घर तरी फिरवलं, न्हाईतर सूर्य."

"सूर्य," मी म्हणालो. "मी फिरवला. चूक माझी, रंगनाथची नाही. नकाशा बरोबर आहे."

बबनराव हसले. सिंधुताई हसल्या नाहीत. "सूर्याचं चुकलं, तर बाकीचं तरी कशावरनं बरोबर?" त्यांनी पिशवी उचलली. रंगाच्या चेहऱ्यावर मला चाकण दिसलं.

"चहा होईस्तवर बसा," रंगा म्हणाला. "सकाळचं ऊन दाखवतो. आत्ता, तुमच्यासमोर."

तो खुर्चीवर बसला, सूर्य उचलून पूर्वेला नेला आणि चित्र लावलं. पट्ट्या उतरू लागल्या. आकाश, पत्रा, गच्चीचा कठडा. तेवढ्यात वीज गेली. गाळ्यातला दिवा गेला, समोरच्या गिरणीची धडधड थांबली, आणि टेबलाखाली यूपीएस केविलवाणा ओरडू लागला.

"गेलं का?" बबनराव.

"नाय गेलं," रंगा म्हणाला, पण त्याचा हात टेबलाच्या कडेला घट्ट होता. पडदा चालू होता. पट्ट्या उतरत होत्या. यूपीएसचं ओरडणं वाढलं. खिडकी आली, खांब आला, ओटा आला. शेवटची पायरी उमटल्याबरोबर रंगाने चित्र साठवलं आणि मोठ्याने श्वास सोडला.

ओट्यावर कोवळं ऊन पडलं होतं, खांबाची लांब सावली दारापर्यंत. अंधाऱ्या गाळ्यात तेवढाच उजेड होता. सिंधुताईंनी पिशवी परत खाली ठेवली. पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

"हितं भाजी निवडाया बसले," त्या बोट ठेवून म्हणाल्या, "तर ऊन सरळ तोंडावर येतंय. हा खांब हातभर अलीकडं घ्या."

रंगाने पेन्सिल घेतली.

बबनराव म्हणाले, "थांब की. अजून आपन दोघांत बोललो कुठं? काम ह्यांनाच द्यायचं का?"

सिंधुताईंनी बोट काढलं नाही. "मग खांब मी कुणाला सांगतीया?"